वारीच्या वाटेवरचे अकरा महिने

(इंदापूर तालुक्यातील पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ज्येष्ठ वद्यात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत उंडवडी गवळ्याची येथून बारामतीत येते. तेथून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी आणि इंदापूर अशी मजल दरमजल करीत ती सराटीला नीरेच्या काठी उतरते आणि पुणे जिल्ह्याचा निरोप घेते. काटेवाडीत परीट बांधव पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे कळप पालखीभोवती धावतात. बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगणात अश्व दौडतो. या दिवसांत या वाटेवरच्या गावांत चूल थंड म्हणून राहत नाही. पिठले-भाकरी, उसळ, चपात्यांच्या चळती, चहाची पिंपे. शाळेच्या ओवऱ्या आणि देवळांचे सभामंडप झोपण्यासाठी मोकळे. न्हावी फुकट दाढी करून देतो, चर्मकार तुटलेली वहाण फुकट शिवून देतो, डॉक्टर फोड आलेल्या पायांना पट्टी बांधतो. आणि यातला कोणीही दिंडीतल्या माणसाला विचारीत नाही की, बाबा, तू धडधाकट आहेस, मग काम का करीत नाहीस? तुझी जमीन किती? घरी मुलगा सांभाळीत नाही काय? दिंडीतल्या त्या माणसाच्या मागे गावाकडे वीस एकर बागायत असेल किंवा काहीच नसेल. वाढणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याची गरजही वाटत नाही. मागितल्यावाचून दिले जाते आणि देणाराच हात जोडतो.

पालखी पुढे गेली की याच वाटेवर उरलेले अकरा महिने दुसरे दृश्य दिसते. बारामतीच्या एस. टी. स्थानकावर, भिगवणच्या रस्त्यावर, इंदापूरच्या बाजारात, नीरा-नरसिंहपूरच्या देवळाच्या पायऱ्यांवर हात पुढे करून बसलेली माणसे असतात. आषाढात ज्या उंबऱ्यावर परक्याच्या पायांवर पाणी घातले जाते, त्याच उंबऱ्यावरून माघात ‘माफ कर’, ‘पुढचं घर बघ’ असे शब्द बाहेर येतात. वारकऱ्याला जो प्रश्न विचारणे पाप वाटते, तोच प्रश्न भिकाऱ्याला विचारणे शहाणपणाचे ठरते. वारकरी भुकेला असेलच असे नाही. भिकारी बहुधा असतोच.

येथे शेतकऱ्याला, दुकानदाराला किंवा गृहिणीला दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जे काही दिले-नाकारले, ते रीतीप्रमाणे आणि मनाच्या कलाप्रमाणे. विचार करायचा तो कार्यकर्त्याचा. कारण भिकाऱ्याला नकार देताना शेतकरी निदान ओशाळतो. कार्यकर्ता ओशाळत नाही. त्याच्याजवळ नकाराचे तत्त्वज्ञान असते. भीक घालणे म्हणजे विषमतेच्या गाड्याला वंगण घालणे, दोन रुपयांत अंतःकरणाची टोचणी विकत घेऊन मोकळे होणे, पीडिताचा रोष बोथट करणे, असे तो सांगतो. आणि हे सांगून होईपर्यंत समोरची म्हातारी पुढच्या माणसाकडे सरकलेली असते. खिशातले नाणे खिशातच राहते, आणि ते राहिल्याचे समाधानही तात्त्विक असते!

हे तत्त्वज्ञान उथळ आहे असे म्हणता येणार नाही. त्याला या मातीतच मोठा आधार आहे. ज्यांची पालखी या वाटेने जाते, त्या तुकोबांनी भिक्षापात्र हाती धरून जगण्याच्या वृत्तीला अत्यंत कठोर शब्दांत झिडकारले आहे. गाडगेबाबा भाकरी मागत, पण आधी हातातल्या खराट्याने गाव झाडून काढीत आणि मगच ती मागत. बाबा आमट्यांनी आनंदवनात महारोग्यांच्या हातून कटोरा काढून घेऊन त्या हातांत कुदळ दिली. आणि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील भूमिहीनांनी व अल्पभूधारकांनी ‘भीक नको, काम द्या’ हीच मागणी केली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत व माती वाहत होती. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. काम मागणाऱ्यास काम देणे ही शासनाच्या मर्जीची बाब नव्हे, त्याचे बंधन होय, हे तत्त्व देशात प्रथम या राज्याने मान्य केले आणि २००५ साली संसदेने ते उचलले. समाजवाद्यांना या लढ्याचा अभिमान वाटतो तो यथार्थच आहे.

तथापि या साऱ्या थोर उदाहरणांतून निघतो तो अर्थ निराळा आहे. तुकोबांनी नाकारले ते धर्माच्या नावावर श्रमावाचून जगणे. १६३० च्या दुष्काळात ज्यांच्या घरात अन्नावाचून पत्नी गेली, त्या तुकोबांनी भुकेल्याला नाकारले नाही. उलट पीडितांना आपले म्हणेल त्याच्याच ठिकाणी त्यांनी साधुत्व पाहिले. गाडगेबाबांनी श्रमाची अट घातली ती स्वतःला. आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगती त्यांनी उठविल्या, त्या पंगतींना ती अट नव्हती. आनंदवनात कुदळ दिली गेली, पण कुदळीच्या आधी जखम धुतली गेली, छप्पर मिळाले, पोटात अन्न गेले. आणि रोजगार हमी कायदा? तो हात-पाय चालणाऱ्या प्रौढासाठी आहे. सत्तरी उलटलेली निपुत्रिक विधवा, दृष्टी गेलेला पोतराज, ऊसतोडीत हात गमावलेला मजूर यांना खडी फोडण्याच्या हक्काचा उपयोग काय? स्वतः भीक न मागण्याचा निर्धार हा सद्गुण खरा. पण दुसऱ्याला न देण्याचा निर्धार हा त्या सद्गुणाचा सख्खा भाऊ नव्हे. कार्यकर्त्याच्या बोलण्यात हे दोन्ही एकाच पानावर वाढले जातात, आणि घोटाळा तेथे आहे.

या दोन तालुक्यांत रस्त्यावर हात पसरणारी माणसे येतात कोठून, हे पाहिले की तो घोटाळा अधिक उघडा पडतो. भाटघर धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी गेल्या शतकाच्याही आधीपासून या भागात फिरते आहे. त्यामागून ऊस आला, वालचंदनगर उभे राहिले, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने निघाले. दुष्काळी माळांवर सुबत्ता आली, यात शंका नाही. पण पाण्याने केवळ पीक बदलले नाही, तर देण्याघेण्याची जुनी रीतही बदलली.

पूर्वी ज्वारी-बाजरीचे खळे असे. खळ्यावर रास पडली की बलुतेदारांबरोबर अलुतेदार आणि फिरस्तेही येऊन उभे राहत. वासुदेव, गोंधळी, नंदीवाला, कुडमुडे जोशी, मरीआईवाला, बहुरूपी, नाथपंथी डवरी गोसावी यांच्या झोळीत सुपातले दोन पसे धान्य पडे. ती समता नव्हती. जातीच्या उतरंडीने बांधलेली, लाचारीही शिकविणारी अशी ती व्यवस्था होती, आणि तिच्यासाठी गहिवरण्याचे काम समाजवाद्याचे नाही. पण त्या पसाभर धान्याला भीक म्हणत नसत. वासुदेवाने पहाट जागवली त्याचे ते देणे होते. ते नाकारणे म्हणजे गावाची लाज जाणे.

उसाला खळे नसते. ऊस फडातून निघतो तो थेट कारखान्याच्या काट्यावर जातो, आणि त्याचे पैसे बँकेच्या खात्यावर पडतात. खळ्यावर उभा राहणारा माणूस काट्यावर उभा राहू शकत नाही, बँकेच्या दारात तर मुळीच नाही. त्याचे देणे कोणी ठरवून बंद केले नाही. ते जेथे मिळत असे ती जागाच नाहीशी झाली. मग तो रस्त्यावर आला, आणि जे काल त्याचे देणे होते ते आज भीक झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढच्या अधिसूचनांनी साप, अस्वल, माकड यांचे खेळ थांबविले. मुक्या जनावरांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु गारुड्याने, दरवेशाने, माकडवाल्याने उद्यापासून काय करावे, याचा विचार त्या कागदांत नव्हता. उजनीच्या जलाशयात पळसदेवसारखी गावे गेली, तेव्हा जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचा होता. ज्यांचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते त्यांचे गाव गेले ते तसेच.

पारध्यांची कथा याहून वाईट. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा शेकडो जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली कायदा रद्द झाला, शिक्का राहिला. १९९८ च्या जूनमध्ये याच बारामतीत पोलिसांच्या ताब्यात एका पारध्याचा मृत्यू झाला. दिलीप डिसोझा यांनी विमुक्त जमातींवरील आपल्या पुस्तकात त्या प्रकरणाचा मागोवा घेतला आहे. ज्याला कामावर ठेवायला शेतकरी कचरतो, ज्याच्या पालाशेजारी काही चोरीस गेले की पहिला संशय त्याच्यावर येतो, त्याच्या बायकोने बाजारात हात पसरला तर ‘काम का करीत नाहीस’ हा प्रश्न तिला विचारण्याचा अधिकार या समाजाला कितपत उरतो?

कायद्याने तर हा प्रश्न विचारण्याचीही तसदी घेतली नाही. १९५९ साली, द्विभाषिक मुंबई राज्य असताना, मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम झाला. त्यातली भिक्षेची व्याख्या प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी मुळातून वाचावी. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे हे तर त्यात आहेच. पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे किंवा एखादी वस्तू विकण्याच्या मिषाने मागणे हेही आहे. म्हणजे वासुदेव, कुडमुडे जोशी आणि डोंबारी ही मंडळी एका वाक्यात गुन्हेगार झाली. एवढ्यावर भागले नाही. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला मनुष्य भिक्षेवर जगत असावा असे वाटेल अशा स्थितीत सार्वजनिक जागी फिरत किंवा थांबलेला आढळला, तर तेही भिक्षा मागणेच! त्याने तोंड उघडण्याची गरज नाही, त्याचे दारिद्र्य नुसते दिसले की पुरे. ज्या भागात कायदा लागू झाला तेथे पोलिसाला वॉरंटावाचून पकडता येते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात आणि पुनःपुन्हा सापडल्यास १० वर्षांपर्यंत स्थानबद्धता. त्याच्यावर अवलंबून असलेल्यांनाही अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. रीतसर परवानगीने गोळा केलेल्या वर्गणीला मात्र या व्याख्येतून सूट आहे. पावतीपुस्तक असले की मागणे पवित्र होते.

मोरोपंतांनी बारामतीत राहून ‘केकावली’ रचली. मेघाला पाहून मोराने आर्त टाहो फोडावा तसे देवापुढचे ते याचन आहे. देवाकडे मागितले तर काव्य होते आणि माणसाकडे मागितले तर अपराध, हा न्याय पंतांनाही उमगला नसता.

दिल्लीला हाच मुंबईचा कायदा १९६० साली नेऊन लावला होता. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागण्यास गुन्हा ठरविणारी त्याची कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. अन्न आणि काम पुरविता न आलेल्या राज्यसंस्थेने भुकेल्याला त्याच्या भुकेबद्दल शिक्षा करावी, हे त्या न्यायालयाला मान्य झाले नाही. २०२१ च्या जुलैमध्ये, साथीच्या काळात भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवावे अशी विनंती सर्वोच्च न्यायालयापुढे आली. तेव्हा न्यायालयाने ती मान्य केली नाही. माणसे भीक मागतात ती शिक्षण व रोजगार नाही म्हणून, आणि या प्रश्नाकडे उच्चभ्रूंच्या नजरेने पाहता येणार नाही, असे सांगितले. महाराष्ट्रातला कायदा मात्र दिल्लीच्या निकालाने रद्द झालेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ४,१३,६७० भिकारी व निराश्रित भटके मोजले गेले, त्यांत महाराष्ट्रातले २४,३०७. जनगणनेने त्यांना ‘काम न करणारे’ या सदरात टाकले. पहाटे उठून चार गावे पायी पालथी घालणारा पिंगळा काम करीत नाही, हे ठरविणारा बहुधा खुर्चीत बसूनच काम करीत असावा.

भिक्षेला गुन्हा म्हटले की भिक्षेकऱ्याचा जीव किती स्वस्त होतो, याचे उदाहरण या वाटेपासून फार दूर नाही. पंढरपूरच्या पलीकडे मंगळवेढे आहे. तेथील दामाजीपंतांची कथा वारकरी परंपरेने घरोघर पोचविली. दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करून मरू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार लोकांसाठी उघडले. भक्तांना या कथेत पुढे विठ्ठल विठू महार होऊन धान्याची रक्कम भरतो हे महत्त्वाचे वाटते. समाजवाद्याने थोडे अलीकडे थांबावे. दामाजीपंतांनी वाटले ते स्वतःच्या घरचे नव्हते. ते सरकारी धान्य होते, म्हणजे रयतेनेच पिकविलेले होते. ते भुकेल्या रयतेला देताना त्यांनी कोणाची चौकशी केली नाही आणि वरून परवानगी येण्याची वाट पाहिली नाही. याला दान म्हणायचे की हक्काची परतफेड? या प्रश्नाचे उत्तर कथेने दिलेले नाही, कारण भुकेल्यांच्या रांगेपुढे उभ्या असलेल्या माणसाला तो भेद करीत बसायला सवड नव्हती.

त्याच मंगळवेढे तालुक्यातून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेसाठी बाहेर पडतात. १ जुलै २०१८ रोजी त्यांच्यातील पाच जण धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाड्यास गेले होते. त्यांतील बहुतेक या तालुक्याचे. तो आठवडे बाजाराचा दिवस होता. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून सगळीकडे पसरली होती. जमावाने त्यांना गाठले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि ठेचून ठार केले. पाचही जण मेले. हत्या झाली ती एखाद्या निर्जन माळावर नव्हे, लोकशाहीच्या सर्वांत खालच्या पायरीवर, गावाच्या सत्तेच्या खोलीत. मारणारेही गरीब होते, हे विसरता कामा नये. पण त्यांच्या डोक्यात कोणीतरी आधीच एक गोष्ट पक्की करून ठेवली होती: दारोदार फिरणारा परका मनुष्य म्हणजे गुन्हेगार. ती गोष्ट १८७१ चा कायदा सांगत होता, १९५९ चा कायदा निराळ्या भाषेत सांगतो, आणि ‘यांच्या टोळ्या असतात, ह्यांना देऊ नये’ असे म्हणणारा सुशिक्षितही चहा पिता पिता तीच सांगत असतो.

टोळ्या नसतातच असे नाही. मूल पळवून किंवा अपंग करून त्याला भीक मागायला लावणे हा घोर गुन्हा आहे. दंडविधानात त्याला जबर शिक्षा आहे, बालन्याय कायद्यातही आहे. तसा संशय आला तर कार्यकर्त्याने पोलिसांत आणि बालकल्याण समितीकडे अवश्य जावे. एकट्या मुलाच्या हातात पैसे न ठेवता त्याला खाऊ घालावे, त्याचे नाव-गाव विचारावे, शाळेचे पाहावे. हे सगळे खरे. पण टोळीची गोष्ट सांगून खिसा बंद करणारे कितीजण आजवर पोलिसांकडे गेले? ज्याला टोळीची खरोखर चिंता आहे त्याचे काम तेथे सुरू होते. ज्याला फक्त नकाराचे निमित्त हवे आहे त्याचे तेथे संपते. फसविले जाण्याच्या भीतीविषयीही असेच. दहा जणांना दिले आणि त्यांतला एक लबाड निघाला, तर देणाऱ्याचे फार तर दहा रुपये जातात. त्या एकाच्या धास्तीने दहाही नाकारले, तर नऊ जण उपाशी झोपतात. साखरेच्या धंद्यात याहून मोठ्या फसवणुकी या तालुक्यांनी निमूटपणे सोसल्या आहेत.

देण्याची रीत हाही मुद्दाच आहे. वारकऱ्याला ‘माउली’ म्हणणाऱ्या तोंडाने भिकाऱ्याला ‘ए, चल हो बाजूला’ म्हणू नये. आजी, बाबा, ताई, मामा हे शब्द वापरायला कोणत्याही आंदोलनाची परवानगी लागत नाही. नाणे फेकू नये, हातात द्यावे. जमले तर दोन मिनिटे थांबून विचारपूस करावी, कोणत्या गावचे, कोण सोबत आहे, रेशनकार्ड आहे का. उष्टे-पाष्टे देऊन औदार्य मिरवू नये. आणि देताना उपदेश करू नये. भाकरीबरोबर उपदेश वाढला की भाकरी घशाखाली उतरत नाही. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती कष्टकऱ्याला स्वस्तात आणि मानाने जेवता यावे म्हणून. तो मान महत्त्वाचा. कचरा वेचणाऱ्या बायकांना पुण्यात लोक भिकारणीच समजत; १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्या संघटनेची सुरुवातही कोणीतरी त्या बायकांशी माणसासारखे बोलण्यापासूनच झाली असणार. बोलणे झाले नाही तर संघटना होत नाही, आणि ज्याने कधी काही दिले नाही त्याच्याशी भुकेलेला मनुष्य बोलत बसत नाही.

आता कचेरीकडे वळले पाहिजे. निराधारांसाठी राज्यात १९८० पासून एक योजना आहे. ती संजय गांधींच्या नावाची. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या साथींना तो अर्ज हातात धरतानासुद्धा ठेच लागते, हे समजण्यासारखे आहे. पण खेड्यातल्या म्हातारीला त्या नावाशी कर्तव्य नाही. ती त्याला ‘पगार’ म्हणते. निराधारचा पगार आला का, एवढेच ती विचारते. २०२३ मध्ये हा पगार दरमहा १५०० रुपये झाला. पासष्टीच्या पुढे श्रावणबाळ योजना आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्याचा हक्क आहे, अगदी गरिबांसाठी अंत्योदयचे कार्ड आहे. कागदावर पाहिले तर बारामती किंवा इंदापूरच्या रस्त्यावर एकाही वृद्धेला हात पसरण्याचे कारण उरू नये.

कारण उरते ते कागदामुळेच. अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि वर्षाला २१,००० रुपयांची मर्यादा आहे. महिन्याला दोन हजारसुद्धा नाहीत, एवढे ज्याचे उत्पन्न त्यानेच अर्ज करावा, आणि ते तसे आहे हे त्याने दाखल्याने सिद्ध करावे! त्याशिवाय किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा. घरपट्टी, वीजबिल, मतदार यादीतले नाव यांतले ज्याच्याजवळ काही नाही, त्याच्याचसाठी जी योजना, तिच्या दारात हे सारे मागितले जाते. भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ च्या अहवालात नेमका हा मुद्दा मांडला होता, की या समाजांतील असंख्य लोकांकडे रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही, राहण्याचा ठावठिकाणा सांगणारा कसलाच कागद नाही. रेणके स्वतः गोंधळी समाजातले. खळ्यावरून रस्त्यावर आलेल्यांची हकीकत त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

या अडचणीवर तालुक्याच्या पातळीवर करता येण्याजोगे बरेच आहे. तलाठ्याच्या स्थानिक चौकशीचा आग्रह धरावा. अर्जदाराबरोबर तहसील कचेरीत कार्यकर्त्याने स्वतः जावे, नुसती चिठ्ठी देऊ नये. अर्ज घेतला जात नसेल तर पोच मागावी, पोच देत नसतील तर तेथेच बसावे. निराधार योजनेच्या समितीपुढे प्रकरणे कधी जातात, किती फेटाळली गेली आणि का, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. भिक्षा प्रतिबंधक कायदा रद्द करण्याची मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यात यावी यासाठी तालुका शाखांनी ठराव करावेत. पुतळे आणि चौक यांवर ठराव करण्याच्या मानाने हे काम रुक्ष आहे खरे.

आणि तलाठी जेव्हा विचारील की ही म्हातारी १५ वर्षे या तालुक्यात आहे कशावरून, तेव्हा उत्तर देऊ शकतील अशी माणसे थोडीच निघतील. तिने ती वर्षे काढली ती दारांसमोर, दुकानांच्या फळ्यांपुढे, देवळाच्या पायऱ्यांवर. जो तिच्याकडे न पाहता पुढे गेला, त्याला तिचा चेहरा आठवणार नाही. निमगावात जिने दर गुरुवारी तिच्या पदरात भाकरी घातली, इंदापूरच्या स्थानकावर ज्या चहावाल्याने सकाळचा पहिला कप तिला दिला, त्यांनाच सांगता येईल की हो, ही अमुक पावसाळ्यापासून येते, तेव्हा हिचा नवरा जिवंत होता, एक डोळा चांगला होता. त्यांना तलाठ्यापुढे घेऊन जावे, त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत, आणि तो कागद अर्जाला जोडावा.